सवलतीपुरता सख्खा भाऊ

३ फेब्रुवारी

प्रिय ढबू,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. पण परवा फोनवर आपलं जे काही झालं त्याला मी बोलणं म्हणत नाही. मी म्हणालो, गाडी घ्यायची म्हणतोय. तू ऐकलंस काठी, आणि म्हणालीस, घे बाबा एकदाची, आता वय झालं तुझं. मी ते उत्तर गाडीला समजलो आणि कोणत्या आकाराची घेऊ म्हणून विचारत बसलो. तू म्हणालीस कमरेएवढी पुरे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुझे कान हॉस्पिटलातल्या धुलाई मशीनांनी खाल्ले, माझे शिकाऊ लोकांच्या पहिल्या गिअरनं. आता आपण दोघांनी लिहिलेलंच बरं.

तर गाडी. डिसेंबरअखेर मी ड्रायव्हिंग स्कूलमधून मोकळा झालो हे तुला माहीतच आहे. एकतीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवली आणि एकतीस वर्षं तुझी वहिनी पिशवी घेऊन बसस्टॉपवर उभी राहिली. आता तिचे गुडघे बसच्या पायरीला नाही म्हणायला लागलेत. मागे एकदा तिला कुणीतरी विचारलं होतं, मास्तरांची बायको असून तुम्ही बसनं कशा? ती म्हणाली, "आमच्याकडे गाडी चालवणारे सगळे बाहेरचे." ते वाक्य गेली आठ वर्षं मी घशात घेऊन फिरतोय.

म्हणून सोमवारी शोरूममध्ये गेलो. तिथल्या टाय लावलेल्या विक्रेत्यानं (ह्याला आपण टायवाला म्हणू) विचारलं, नोकरी कुठे? मी छाती पुढे काढून स्कूलचं नाव सांगितलं. त्यानं एक यादी उघडली. गाडीच्या कंपनीनं काही संस्थांशी ठरवलंय म्हणे, तिथल्या कर्मचाऱ्यांना नव्या गाडीवर घसघशीत सवलत. यादीत बँका आहेत, दोन कॉलेजं आहेत, अग्निशामक दल आहे, बिस्किटांचा कारखाना आहे. ड्रायव्हिंग स्कूल मात्र नाही. ह्यांच्या गाड्या चालवायला माणसं तयार करणारे आम्ही, आणि सवलत बिस्किटवाल्यांना. मी यादी परत देणार तोच खालून चौथ्या ओळीत तुझं हॉस्पिटल दिसलं.

कर्मचारी किंवा जवळचे नातेवाईक, असं टायवाला म्हणाला. कर्मचाऱ्यानं आपल्या ऑफिसातून एक पत्र आणायचं, की झालं.

तेव्हा अडला हरी. पुढची म्हण तुला पाठ आहे. त्यातलं गाढव कोण ते मी ठरवत नाही, कारण पाय मला धरायचेत.

लाज वाटायची ती वाटतेच आहे. इतकी वर्षं लोकांना मी 'आमची ढबू हॉस्पिटलात असते' एवढंच सांगत आलो. धुलाईखात्यात असते हे शब्द तोंडातून निघाले नाहीत. समोरचा तुला डॉक्टरीण समजला, तर समजू दिलं. एका गृहस्थानं तर तुझ्यासाठी पोटदुखीचा प्रश्न माझ्याजवळ दिला होता. तो मी परस्पर सोडवला. असल्या भावाला पत्र आणून द्यायचं की नाही ते तू बघ.

तुझा
दादा


१० फेब्रुवारी

दादा,

तीर्थस्वरूप वगैरे लिहिणार होते, पण पोटदुखीपाशी पेन अडलं. काय औषध दिलंस त्या माणसाला? तो अजून आहे ना?

तुझं पत्र वाचून मी गुरुवारी तिसऱ्या मजल्यावर कार्मिक विभागात गेले. एकवीस वर्षांत मी तिथे दोनदा गेलेय. एकदा रुजू होताना आणि एकदा त्यांनी माझ्या ओळखपत्रावर कुणा मिशीवाल्या माणसाचा फोटो लावला होता तेव्हा. आम्ही तळघरातली माणसं. वरच्या मजल्यावर गेलो की उजेडानं डोळे चुरचुरतात आणि उगाच काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटतं.

ह्या वेळी ते वाटणं अगदीच खोटं नव्हतं.

टेबलावर एक चष्मेवाली बसते. चष्मा गळ्यात दोरीला. तिनं नियम वाचून दाखवला: नवरा किंवा बायको, आईवडील, मुलं, भाऊबहीण. गाडी कोण घेणार, म्हणून विचारलं. मी म्हटलं भाऊ. ती म्हणाली, सख्खा? मी म्हटलं, आम्हाला गोवर एकाच वेळी आला होता. तिनं त्याला हो समजून खूण केली आणि मी तिला अडवलं नाही. खरंच सांगते, मावसभाऊ हा शब्द जिभेवर आला होता. पण तो उच्चारला असता तर तू एका शब्दात तीन मजले खाली गेला असतास, ते बघवलं नसतं.

अर्जावर 'नाते' ह्यापुढे मी 'भाऊ' असं वळणदार अक्षरात लिहिलं. खाली बारीक टाइपात काहीतरी होतं, पण वाचायचा चष्मा तळघरात राहिला होता. म्हणजे तो खिशात होता, पण राहिला असं मी धरलं.

पत्र सोबत पाठवतेय. माझी दलाली एवढीच की एकदा मला त्या गाडीतून फिरवून आण, आणि फिरवताना तोंड बंद ठेव.

ढबू


१६ फेब्रुवारी

प्रिय ढबू,

तुझं पत्र शोरूममध्ये टेबलावर ठेवलं आणि टायवाला उभा राहिला. एकतीस वर्षांत माझ्यासाठी फक्त परीक्षेला घाबरलेले लोक उभे राहिलेत, म्हणून मी त्याला थोडा वेळ तसाच उभा ठेवला.

लहान गाडी घ्यायला गेलो होतो, मधली ठरवून आलो. सवलत मिळते म्हटल्यावर माणूस बचत करायच्या भरात जास्तच घेतो, हे मी दुसऱ्या कुणाला असतं तर समजावून सांगितलं असतं. रंग तुझ्या वहिनीनं निवडला. रंगांचा तक्ता तिनं खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाली, मळखाऊ कुठला असेल तो द्या. टायवाल्याला मळखाऊ म्हणजे काय ते कळेना. शेवटी तिनं त्याच्या टायकडे बोट दाखवलं.

त्यानं गाडी चालवून बघायला दिली. बरी आहे. क्लच जरा उंच वाटला. फार फिरलो नाही, त्यालाच घाई होती. हे लोक आरसा बघत नाहीत, हे मात्र मी त्याला सुनावलं.

वहिनी हवेत आहे. खाली गाडीची जागा तिनं दोरीनं मोजली आणि तळमजल्यावरच्या शिंप्याला त्याची जुनी खोकी तिथून हलवायला लावली. गुडघे दुखत असूनही दिवसातून दोनदा ती रिकामी जागा बघून येते.

सख्ख्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. भावाला भाऊ म्हटलंस, त्यात काय खोटं? सख्खं, चुलत, मावस ही माणसांनी काढलेली मापं. एका कागदावर एक शब्द कमी लिहिला म्हणून आभाळ कोसळत नाही.

दादा


२ मार्च

दादा,

आभाळ कोसळलं नाही, पण प्लास्टर थोडं पडलं.

गाडीच्या कंपनीनं पडताळणी मागवली. चष्मेवालीनं मला वर बोलावून आपल्या दोघांचे जन्मदाखले मागितले. मी सांगितलं, दाखल्यावर बापांची नावं वेगळी आहेत, पण आया सख्ख्या आहेत. तिनं चष्मा काढला, दोरीवर सोडला आणि म्हणाली, म्हणजे मावसभाऊ. मावसभाऊ यादीत नाही. मग मला साहेबांकडे नेलं. साहेबांनी ते बारीक टाइपातलं मोठ्यानं वाचलं. ते चष्म्याशिवायही नीट ऐकू आलं.

त्यांनी एक कागद दिला, मी सही केली, तो माझ्या फाईलला लागला. विषय संपला. तू डोक्यात राख घालून घेऊ नकोस. ह्या महिन्यात मुख्य पर्यवेक्षकाची जागा निघायची होती, ती आता दुसऱ्या कुणाला जाईल. मला ती तशीही नको होती. त्या कामात जिने फार.

एक गोष्ट मात्र निघाली. मी दारापर्यंत गेले तेव्हा साहेब म्हणाले, बाई, तुम्ही स्वतःच्या नावावर का घेत नाही? एकवीस वर्षांत तुम्ही एकही सवलत घेतलेली नाही. नियम असा की गाडी कर्मचाऱ्याच्याच नावावर हवी, वर्षभर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि घ्यायला जाताना त्याच्याकडे स्वतःचं लायसन पाहिजे.

माझ्याकडे लायसन नाही. का नाही ते तुला माहीत आहे.

ढबू


१२ मार्च

प्रिय ढबू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'जिने फार' इथे ठेचकाळलो. तळघरात काम करणाऱ्या बाईला जिन्यांची भीती. तू खोटं लिहिताना अक्षर जास्त चांगलं काढतेस, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

म्हणून मंगळवारी वहिनीला दात दाखवायला जातो असं सांगितलं आणि बस धरून तुझ्या हॉस्पिटलात आलो. तुला कळवलं नाही. तुझ्या साहेबांपुढे उभं राहून सगळा दोष माझा आहे असं सांगायचं होतं. बसमध्ये भाषण पाठ केलं, दरवाजातून आत येतानाही ते पुटपुटत होतो. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, कार्मिक विभाग. त्यानं काय ऐकलं देव जाणे, मला चिठ्ठी देऊन उजवीकडे पाठवलं. तिथे बाकावर तासभर बसलो. मनात म्हटलं, काय ही गर्दी, किती जणांनी खोटे भाऊ लावलेत. नंबर आला. आत एक तरुण मुलगी होती. मी उभा राहून सुरुवात केली, ह्यात सर्वस्वी दोष माझा आहे. ती म्हणाली, असं काही नसतं काका, वयानं होतं. आणि तिनं माझ्या कानात नळी घातली.

तो कानांचा विभाग होता. तिनं दोन्ही कानांतून जे काढलं त्यात माझी निम्मी नोकरी असावी. बाहेर आलो तर लोकांच्या चपलांचे आवाज येत होते, कुणी नाणं पाडलं ते ऐकू आलं. त्याच मुलीनं मग मला कार्मिक विभागाचा रस्ता कागदावर काढून दिला.

साहेब सज्जन आहेत. पाठ केलेलं भाषण मी विसरलो आणि जसं सुचलं तसं बोललो. कागद काढून टाका, त्यावर माझं नाव घाला, असंही काहीतरी म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "कागद निघणार नाही. अर्ज त्यांनी भरला, आणि 'मी भरला' एवढंच त्या सांगत राहिल्या. कुणी सांगितलं, कशासाठी, एक शब्द नाही. आम्हाला तर वाटलं होतं असा भाऊ कुणी नसेलच."

मग मी तळघरात उतरलो. ढबू, एकवीस वर्षांत मी तिथे एकदाही आलो नव्हतो. दाराला गोल काच आहे, त्यातून पाहिलं. डोक्याएवढ्या उंच मशीनांची रांग, वाफ, आणि इतका आवाज की नुकते साफ झालेले कान दुखायला लागले. तू रबरी बूट घालून मधोमध उभी होतीस, केसांत पेन्सिल खोचलेली. त्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही म्हणून तुम्ही सगळे हातांनी बोलता, हे मला ठाऊक नव्हतं. तू दोन बोटं वर केलीस आणि लांबचं एक मशीन थांबलं. एक धिप्पाड माणूस हातवारे करून भांडत होता. तू नुसती त्याच्याकडे बघत राहिलीस आणि तो ढकलगाडी घेऊन निघाला. मग तू एक चादर उचलून दिव्यासमोर धरलीस, कुठेतरी भोक दिसलं असेल, ती बाजूला टाकलीस. दुसरी धरलीस. तिसरी धरलीस.

मी दार ढकललं नाही. काय म्हणून ढकलणार होतो?

गाडी नको. बुकिंग रद्द करून टाकतो. वहिनीला काय सांगायचं ते मी बघतो.

दादा


२० मार्च

दादा,

आधी राग. इतक्या वर्षांनी आलास आणि काचेतून बघून गेलास. मी काय माशांच्या टाकीत राहते? दार ढकललं असतंस तर तुला चहा पाजला असता. आमच्याकडे इस्त्रीच्या वाफेवर कप गरम राहतो.

आता दुसरी गोष्ट. रद्द करू नकोस, कारण सवलत नाकारल्यावर तुझं बुकिंग आपोआपच रद्द झालंय. ह्याच गाडीचं, ह्याच मळखाऊ रंगाचं बुकिंग मी माझ्या नावावर केलंय. वर्षानं तुमच्या नावावर करून देईन. तोवर वापरा तुम्ही.

आणि चार मार्चपासून मी ड्रायव्हिंग स्कूलला जातेय. तुला विचारलं नाही, कारण तू शिकवायला आला असतास.

तुझ्यासाठी करतेय असं समजू नकोस. साहेबांसमोर मान खाली घालून उभी होते तेव्हा मला एकाएकी कळलं की ज्या सवलतीसाठी मी खोटं लिहिलं ती मुळात माझीच होती. हॉस्पिटलचं नाव त्या यादीत आहे, आणि त्या हॉस्पिटलची प्रत्येक चादर माझ्या हातून जाते. आपलीच वस्तू चोरताना पकडली जाणारी मी पहिलीच बाई असेन.

बावीस वर्षांपूर्वी तू मला शिकवायला घेतलंस. चौथ्या दिवशी गाडी कुंपणात गेली. तेव्हापासून चार माणसं जमली की तू ती गोष्ट सांगतोस, मी कशी किंचाळले आणि माझ्या केसांत कशी पानं अडकली. लोक हसतात, मीही हसते. हसता हसता मी पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगितलं.

माझे हल्लीचे मास्तर अजिबात बोलत नाहीत. पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसतात. परवा ऐन चौकात मी घामाघूम, आणि हे विचारतात, चार अक्षरी, धीर नसलेला? मी म्हटलं, उतावीळ. तेवढ्यात चौक पार झाला होता.

ढबू


१८ एप्रिल

प्रिय ढबू,

महिनाभर लिहिलं नाही. बसून लिहिण्यासारखं जे होतं ते लिहायला हिंमत नव्हती.

मला गाडी चालवता येत नाही.

हसू नकोस. किंवा हस. लायसन आहे, पण ते मिळाल्यापासून मी कायम शेजारच्याच सीटवर. शोरूमची चक्कर आठवतेय? मी स्टिअरिंगवर बसलो. शेजारी टायवाला. रस्त्यावर आलो, आणि माझे पाय फक्त दोन पेडलं शोधायला लागले. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी क्लच असतो आणि ब्रेक असतो. ॲक्सिलरेटर नसतो. एकतीस वर्षं माझ्याकडे गाडी थांबवायची सोय होती, पुढे न्यायची नव्हती. शाळेसमोर पोरं रस्ता ओलांडत होती, मी नको तिथे पाय दिला, गाडी उसळली आणि टायवाल्यानं हँडब्रेक ओढला. कुणाला लागलं नाही. पोरं हसली. परत येताना गाडी त्यानं चालवली, आणि आरसा बघत नाही म्हणून मी त्याला बोललो ते तेव्हा. माझी ऐट बघ.

तुझं पत्र आल्यापासून मी रोज पहाटे सहाला माझ्याच जुन्या स्कूलमध्ये जातो. पुढे-मागे शिकाऊची पाटी लावलेल्या गाडीत बसतो. शेजारी नवा मास्तर. हा शिकाऊ असताना ह्याला मी परीक्षकाकडून दोनदा नापास करायला लावलं होतं. तो आता मला म्हणतो, काका, घाई नाही, श्वास घ्या. कुणी ओळखू नये म्हणून टोपी आणि काळा चष्मा घालतो. वहिनीला वाटतं मी फिरायला जातो.

आणि कुंपण. हे बावीस वर्षं आधीच लिहायला हवं होतं. गाडी कुंपणात तू घातली नाहीस. तू वळवत होतीस ती बरोबर वळवत होतीस. मीच घाबरलो आणि शेजारून स्टिअरिंग माझ्याकडे ओढलं. त्याच क्षणी मला ते कळलं होतं. पण तू रडत होतीस आणि लोक मला मास्तर म्हणत होते. पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली तेव्हा लाज झाकायला सांगितली. पुढे पुढे ती इतकी चांगली जमली की मलाच खरी वाटायला लागली.

क्षमा माग म्हणालीस तर मागतो. न म्हणताच मागतो.

दादा


११ मे

दादा,

पहिल्या खेपेला मी नापास झाले. वायपर चालू झाले आणि बंद कसे करायचे ते आठवेना. कोरड्या ठणठणीत उन्हात परीक्षकाला घेऊन मी अर्धा गाव वायपर हलवत फिरले. त्यांनी कागदावर काय लिहिलं माहीत नाही, पण बराच वेळ लिहीत होते.

मग तुझं पत्र आलं. कुंपणाचं वाचलं. दोन दिवस कामावर कुणाशी बोलले नाही, हातांनीसुद्धा. तिसऱ्या दिवशी दुसरी परीक्षा होती, पास झाले. ह्यापेक्षा जास्त उत्तर आत्ता माझ्याकडे नाही.

गाडी आली. सही करायला गेले तेव्हा टायवाला म्हणाला, चालवणार कोण? मी म्हटलं, मी. रविवारी सकाळी ती घेऊन तुमच्याकडे येतेय. शब्दकोडेवाले मास्तर सोबत बसणार आहेत, दुपारच्या बसनं आम्ही दोघं परत.

वहिनीला सांगितलंस का? मी येईपर्यंत सांग. तुझ्या वतीनं खोटं लिहून झालं माझं, आता खरंही मी बोलणार नाही.

ढबू


९ जून

प्रिय ढबू,

तू त्या रविवारी बसस्टॉपकडे वळलीस त्यानंतरचं तुला माहीत नाही. ते कळवायला हवं, कारण गाडी कागदावर तुझी आहे.

वहिनीला मी सांगितलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी मान हलवली, ती कशीही वाचता येईल अशी हलवली होती. तू गेल्यावर पाच मिनिटांत ती पिशवी घेऊन खाली आली. केस नीट केलेले, चांगल्या चपला. म्हणाली, बाजारापर्यंत जाऊन येऊ. शिंपी दारात उभा, वरच्या गॅलऱ्यांत माणसं. मास्तर पहिल्यांदा स्वतःची गाडी काढणार.

ती शेजारी बसली. मी सुरू केली. फाटकापर्यंत नेली, तिथे बंद पडली. पुन्हा सुरू केली, हात दीड हात पुढे, पुन्हा बंद. मागे कुणाची तरी व्हॅन येऊन हॉर्न वाजवायला लागली. दोन महिने पहाटे शिकलेलं सगळं त्या गॅलऱ्यांखाली वाफेसारखं उडून गेलं. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी स्टिअरिंगवरून हात काढले.

"मला गाडी चालवता येत नाही," मी म्हणालो. "शिकवता येते."

ती समोर बघत बसली. पिशवी मांडीवर धरलेली. मला वाटलं आता उतरेल आणि बसस्टॉपकडे चालायला लागेल. मग म्हणाली, "पहाटे सहाला काळा चष्मा लावून कुणी फिरायला जात नाही. मला वाटलं दुसरंच काही असेल."

ढबू, त्या 'दुसऱ्याच काही'सोबत ती दोन महिने एकटी राहिली होती, आणि मी परतलो की रोज सकाळी मला चहा करून देत होती. मग तिनं विचारलं, "शिकवता नक्की येतं?"

मी म्हटलं, येतं.

"मग सरका तिकडे."

मी सांगितलं की आधी शिकाऊ लायसन काढावं लागतं, असं लगेच बसता येत नाही. ती म्हणाली, काढू, तोवर ही रस्त्यातून हलवा. म्हणून मी, शिंपी आणि त्या व्हॅनवाल्यानं मिळून नवी कोरी गाडी ढकलत पुन्हा तिच्या जागेवर आणून लावली. वहिनी आत बसून होती. गॅलरीतून कुणीतरी विचारलं, बिघडली का हो? तिनं काच खाली केली आणि म्हणाली, गाडी नाही बिघडली.

लायसन आलं. आठ दिवस झाले, रोज सकाळी बिस्किटांच्या कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात जातो. तिथवर गाडी मी नेतो, रस्त्यावर कुणी नसताना, बैलगाडीच्या वेगानं. मग जागा बदलतो. तिचा गुडघा क्लचला कुरकुरतो, पण बसच्या पायरीपेक्षा कमी, असं म्हणते. पहिल्या दिवशी ती भिंतीच्या दिशेनं निघाली तेव्हा माझा हात स्टिअरिंगकडे गेला होता. तो मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. भिंतीच्या बऱ्याच अलीकडे ती स्वतःच थांबली. मी डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

काल तिनं पहिल्यांदा तिसरा गिअर टाकला. मैदान संपत आलं होतं. मी सवयीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "थांबा जरा, मला गाडी ऐकू येतेय." आणि तिनं सावकाश, गोल, सबंध वळण घेतलं.

एकतीस वर्षं मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगायचो, गाडी ऐका. कुणालाच कधी ऐकू आली नाही. शेजारी मी बोलत होतो ना.

तुझा
दादा